घरचेच खाल्ले, तरी वजन का वाढले?

प्रश्न : "२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमचा मुलगा दुसरीत होता, आता तो आठवीत आहे. त्या दोन वर्षांत आमच्या घरी बाहेरचा पदार्थ जवळजवळ आलाच नाही. पावभाजी, पिझ्झा, केक, नानकटाई, अगदी पाणीपुरीच्या पुऱ्यासुद्धा मी घरी केल्या. तरीही यजमानांचे वजन नऊ किलोंनी वाढले ते उतरलेच नाही आणि यंदा कार्यालयाच्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेची सरासरी) ६.१ आले. ते हिंजवडीला नोकरीला आहेत, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात आणि घरी असले की पाच वेळा चहा होतो. मुलाचे पोट सुटले आहे. समोर मोबाइल असल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पूर्वी रोज सकाळी थोरात उद्यानात फेऱ्या मारीत. आता खाली उतरायलाही नको म्हणतात. त्या काळात सुरू केलेला गुळाचा काढा मात्र दोन्ही वेळा न चुकता घेतात. रात्रीचे जेवण साडेआठवरून साडेदहावर गेले आहे. महिन्याला तीन लिटर तेल लागे, तिथे आता पाच लिटरचा कॅन संपतो. सर्वांचा भात बंद करावा की सोळा तासांचा उपवास सुरू करावा? माझे हिमोग्लोबिन ९.८ आहे, पण ते पूर्वीपासून कमीच असते. हे सगळे माझ्या हातच्या खाण्यामुळे झाले, असे मला सारखे वाटते." – एक वाचक, कोथरूड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी आधी उत्तरासाठी घेते, कारण ते तसेच राहिले तर बाकीच्या सूचनांचा उपयोग होणार नाही; त्या सूचनाही तुम्ही स्वतःला शिक्षा म्हणून राबवाल. ज्या काळात बाहेर पडण्याचीच धास्ती होती, मदतनीस मावशींना सोसायटीच्या फाटकातून आत येऊ देत नव्हते, मुलाचा वर्ग मोबाइलवर आणि यजमानांचे कार्यालय जेवणाच्या टेबलावर भरत होते, त्या काळात चार माणसांचे तोंड गोड ठेवण्याचे काम तुमच्यावर आले आणि तुम्ही ते केले. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. मात्र 'घरी केलेले' या दोन शब्दांवर आपण सर्वांनीच तेव्हा जरा अधिक भार टाकला, हेही खरे आहे. घरी केलेला पदार्थ स्वच्छ असतो, त्याचे तेल पुन्हा पुन्हा तळलेले नसते, त्यात काय घातले ते आपल्याला ठाऊक असते. पण मैदा, लोणी आणि साखर यांचे प्रमाण तेच असेल तर शरीराच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. शिवाय बाहेरच्या पिझ्झ्याला किंमत होती, जाण्यायेण्याचा खटाटोप होता, म्हणून तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होई. घरच्या पिझ्झ्याला हे दोन्ही अडसर नव्हते. होते ते फक्त तुमचे कष्ट, आणि घरातल्या बाईचे कष्ट हा आपल्याकडे अडसर समजला जात नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्ही पदार्थांची यादी दिली आहे. मला त्या यादीपेक्षा साडेआठचे साडेदहा झाले ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. टाळेबंदीने आपल्या ताटात जेवढा बदल केला, त्याहून मोठा बदल घराच्या वेळापत्रकात केला, आणि पदार्थ बरेचसे मागे पडले तरी वेळापत्रक पूर्ववत झालेच नाही.

देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हा गुढीपाडव्याचा दिवस होता. राज्यातले पहिले रुग्ण त्याआधी सुमारे दोन आठवडे, ९ मार्चला, पुण्यातच सापडलेले असल्यामुळे आपल्या शहरात धास्ती आधीपासून होती आणि सणाचे सामान व साठ्याचे सामान लोकांनी एकाच पिशवीत भरले. एप्रिलमध्ये गुलटेकडीचा मार्केट यार्डही काही काळ बंद ठेवावा लागला. पालेभाजी मिळेल त्या दिवशी मिळे; बटाटे, कांदे, रवा, मैदा, बेसन, साबुदाणा, फरसाण आणि बिस्किटे मात्र टिकाऊ म्हणून घरात भरलेली असत. आठवड्याची भाजी आणणारी घरे महिन्याचा साठा करू लागली. तेव्हा ते शहाणपणाचेच होते, परंतु बाजार सुरळीत झाल्यावरही फडताळातले ते डबे रिकामे झाले नाहीत. तुमच्या ओट्याजवळ या क्षणी फरसाण, खारी, टोस्ट आणि बिस्किटे मिळून किती डबे आहेत ते एकदा पाहा. हात पुरेल अशा उंचीवर असलेला डबा भूक नसतानाही उघडला जातो.

याच्या जोडीला घराची घंटाच गेली. पूर्वी यजमानांची कंपनीची बस ठरलेल्या वेळी सुटत असणार, मुलाची शाळा ठरलेल्या वेळी भरत असणार, आणि त्या दोन वेळांना धरून तुमची कणीक, पोळ्या, डबे आणि सासूबाईंचे दुपारचे जेवण यांचा क्रम लागलेला असणार. डब्यात पोळी-भाजी एवढेच असे. तो संपला की संध्याकाळी घरी येईपर्यंत खाण्याचा विषय मिटत असे. कोणी फार तर कॅन्टीनचा चहा घेत असेल. ज्या शहराच्या दुपारी एक ते चारच्या विश्रांतीची सारा महाराष्ट्र थट्टा करतो, त्या शहरात जेवणाच्या वेळा घड्याळावर चालत होत्या, आणि त्याचा आरोग्याला फायदाच होता. टाळेबंदीत चौघे चोवीस तास स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर आले. एकाची बैठक संपली की चहा, दुसऱ्याचा ऑनलाइन तास संपला की 'काहीतरी खायला', संध्याकाळी पाच वाजता बाहेर जाता येत नाही म्हणून भजी, रात्री मालिका किंवा चित्रपट पाहताना उशिरा जेवण. आठवड्यातले तीन दिवस घरून काम चालू असल्याने तुमच्या घरात हे वेळापत्रक अजूनही तीन दिवस तसेच चालते, आणि मुलासाठी तर तेच एकमेव ओळखीचे वेळापत्रक असावे.

म्हणून माझा पहिला सल्ला ताटाबद्दल नाही. रात्रीचे जेवण आठ ते साडेआठच्या दरम्यान आणा. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे अलीकडे घ्या. रात्री उशिरा शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते, त्यामुळे तेच जेवण साडेदहाला घेतले तर रक्तातली साखर अधिक वर जाते आणि अधिक वेळ वर राहते. तुमच्या घरात एकाला मधुमेह आहे आणि एक त्याच्या उंबरठ्यावर आहे. त्यांच्यासाठी हा एक बदल भात बंद करण्यापेक्षा मोलाचा ठरेल. घरून काम करण्याच्या दिवशी यजमानांनी स्वतःचा डबा सकाळीच भरून घ्यावा आणि दुपारी तोच खावा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण डबा भरला की दुपारच्या जेवणाचे प्रमाण आणि वेळ दोन्ही ठरतात, आणि गरम पोळीसाठी तुम्हाला दीड वाजता पुन्हा गॅसपाशी उभे राहावे लागत नाही.

सर्व खापर टाळेबंदीवर फोडणेही योग्य होणार नाही. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे आकडे २४.० आणि २२.९ टक्के झाले, आणि या फेरीतले महाराष्ट्राचे काम करोना येण्याआधी, २०१९ मध्येच उरकले होते. चढ आधीच सुरू होता. तेव्हा '२०१९ सारखे वागू' एवढ्याने भागणार नाही.

यजमानांच्या ६.१ या आकड्याकडे वळू. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानतात आणि ६.५ पासून मधुमेह. घाबरण्याचे कारण नाही, पण 'थोडेसेच वाढले आहे' म्हणून सोडून देण्याचेही नाही. 'मी तसा जाड नाही' असे ते म्हणत असतील तर त्यांना पुण्यातल्याच एका संशोधनाची गोष्ट सांगा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नसते, असे त्यात दिसले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३ असाच होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणजे वजनकाटा आपल्याला पुरेसे सांगत नाही. कापड मोजायची टेप घ्या आणि कमरेचा घेर मोजा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा. यजमानांना करोना होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्या आजारानंतर मधुमेहाचे निदान अधिक प्रमाणात झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

या टप्प्यावरून मागे फिरता येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात वजन सुमारे सात टक्के उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे या उद्दिष्टांनी मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईतल्या २००६ च्या अभ्यासात ही घट २८.५ टक्के होती. आपल्याकडचा आकडा लहान असला तरी तो आपल्या लोकांचा आहे आणि पुरेसा चांगला आहे. हिंजवडीच्या बसपर्यंतचे चालणे, कॅन्टीनपर्यंतचे चालणे, जिने, हे सर्व घरून काम करण्याच्या दिवशी शून्य होते. त्या तीन दिवशी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येकी पंधरा मिनिटे चालणे सुरू करावे. पाच वेळच्या चहाचाही हिशेब करा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल तर दिवसाला दहा चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सुचवलेली वरची मर्यादा सुमारे ५० ग्रॅम असून शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावे असे म्हटले आहे. चहा दोन वेळा आणि एकेका चमच्यावर आणा, आणि चहासोबतची खारी बंद करा.

भात बंद करू नका. भात सोडलेल्या घरांत बहुधा दोन पोळ्या वाढतात आणि हिशेब होता तिथेच येतो. वाटीभर भात, त्यावर घट्ट वरण किंवा मुगा-मटकीची उसळ, आणि त्याआधी कोशिंबीर व भाजी पोटात गेलेली, असा क्रम ठेवला तर तोच भात साखर कमी चढवतो. आठवड्यातून तीन-चार वेळा ज्वारीची भाकरी करा. सोळा तासांचा उपवास मुलाने मुळीच करू नये, कारण त्याचे वाढीचे वय आहे, सासूबाईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण मधुमेहाच्या काही गोळ्यांवर किंवा इन्शुलिनवर उपाशी राहिल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते, आणि ९.८ हिमोग्लोबिन असताना तुम्ही करू नये. राहता राहिले यजमान. साडेआठला जेवून सकाळी साडेआठला न्याहारी केली की त्यांचे बारा तास आपोआप होतात, तेवढे पुरे.

तेलाचा आकडा तुम्ही दिलात हे फार चांगले केलेत. तीन लिटरचे पाच लिटर झाले, म्हणजे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल वाढले. रोजचे ते साधारण १५ ग्रॅम आणि सुमारे १४० किलोकॅलरी होतात. दर दिवशी, दर माणशी, कोणाच्या लक्षातही न येता. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे तुमच्या घरासाठी दोन लिटर, हे आहारतज्ज्ञांचे नेहमीचे माप आहे. कॅन आणणे थांबवा आणि महिन्याच्या एक तारखेला एकेक लिटरच्या दोन पिशव्या आणा. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच तेल संपेल. संपू द्या, ते कुठे गेले याची चर्चा घरात सर्वांसमोर होईल, आणि तळण किती वेळा मागितले गेले हे मागणाऱ्यांनाही कळेल.

मुलाबद्दल जरा विस्ताराने लिहिते. प्राथमिकचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये उघडले आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद राहिले. म्हणजे तुमच्या मुलाची तिसरी आणि चौथीचा बराचसा भाग घरात गेला. आठ ते दहा या वयात मुले पळापळीचे खेळ शिकतात, पडतात, भांडतात, आणि मधल्या सुटीत एकमेकांच्या डब्यातली घरी न आवडणारी भाजी खाऊन पाहतात. हे सारे त्याच्या वाट्याला आलेच नाही. आज तो मैदानावर जायला कंटाळतो, असे वाटत असेल तर कदाचित तो कंटाळत नसून त्याला खेळता येत नाही म्हणून लाजत असेल. तेव्हा थेट क्रिकेटच्या संघात पाठवण्याऐवजी पोहणे, सायकल किंवा सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर वेताळ टेकडी, अशी स्पर्धा नसलेली सुरुवात करा. या वयाला दिवसातून एक तास अंगाला घाम आणणारी हालचाल हवी.

त्याचे वजन कमी करण्याच्या मागे लागू नका. उंची वाढत असताना वजन आहे तिथे थांबले तरी दोन वर्षांत पोट आत जाते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, एवढी एक खूण तीन महिन्यांतून एकदा पाहा आणि त्याच्यासमोर 'पोट सुटलंय' हे वाक्य उच्चारू नका, आजीनेही नाही. मोबाइलचे मात्र नक्की ठरवा. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्याला पोट भरल्याचे उशिरा कळते आणि काय खाल्ले तेही आठवत नाही. पण नियम फक्त मुलाला लावला तर तो टिकणार नाही. रात्री जेवताना चौघांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत आणि दूरचित्रवाणी बंद असावी. पहिले काही दिवस तो अर्धपोटी उठेल. उठू द्या, मागून दूध-बिस्किटे देऊ नका. नऊ-साडेनऊला भूक लागली म्हणाला तर जे जेवण उरले आहे तेच पुन्हा वाढावे. केक, पिझ्झा यांना घरातून हद्दपार करण्याची गरज नाही. वाढदिवसाला आणि पाहुणे आले की करा, आणि मुलालाही करायला लावा. पीठ चाळून, लोणी फेटून, भांडी घासून केलेला केक तो दर आठवड्याला मागणार नाही.

सासूबाईंच्या काढ्याबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेच तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा सुचवला होता आणि त्यात आवडीनुसार गूळ किंवा लिंबू घालावे असे सांगितले होते. तेव्हा गूळ काढून लिंबू पिळा. काढा राहील, साखर जाईल. त्या मेटफॉर्मिन ही गोळी घेत असतील तर बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी जरूर करा, कारण ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते कमी होते आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे यामुळे त्या खाली उतरायला नको म्हणत असतील आणि ते बोलून दाखवीत नसतील, हेही शक्य आहे. दोन वर्षे घरात बसून त्या वयात मांड्यांचे स्नायू झिजतात आणि ते नुसत्या आग्रहाने परत येत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आधाराने आठ-दहा वेळा उठणे-बसणे दिवसातून दोनदा, दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, ताक किंवा पनीर, आणि महिनाभराने सोसायटीच्या आवारात सोबतीने एक फेरी, एवढ्या सावकाशीने घ्या. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणि आता तुमचे हिमोग्लोबिन, ज्यावर तुम्ही एकच वाक्य खर्ची घातले आहे. बिनगरोदर स्त्रीत ते १२ असावे लागते, ९.८ हा मध्यम तीव्रतेचा रक्तक्षय आहे, आणि तो पूर्वीपासून आहे म्हणजे तो पूर्वीपासून उपचारांविना राहिला आहे. यजमानांच्या ६.१ पेक्षा हा आकडा आज अधिक तातडीचा आहे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, थायरॉइड, बी१२ आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) यांची स्थिती काय आहे, हे पाहिल्याशिवाय नुसते खजूर आणि अळिवाचे लाडू खाऊन ही तूट भरून निघणार नाही. गोळ्या लागतील आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने घ्याव्या लागतील. जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा घ्या, आणि जेवणानंतर लगेच चहा घेत असाल तर तो किमान तासभर पुढे ढकला, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. सर्वांना गरम वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरते त्यात उसळ आणि भाजी क्वचितच असते. असते ती पोळी आणि भात. तेव्हा साडेआठच्या जेवणाला चौघांची पाने एकदम घ्या, पोळ्या आधी करून डब्यात ठेवा आणि वाढण्याचे काम मुलाकडे द्या.

या आठवड्यात आधी स्वतःची वेळ घ्या: घराजवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, रक्ताच्या तपासण्या करा आणि गोळ्या सुरू करा. यजमानांची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे, तिचे आकडे आले की मला कळवा. तेलाच्या दोन पिशव्या किती तारखेपर्यंत पुरल्या, तेही लिहा.